गुलनाजच्या हनुवटीवर

सोमवार, ९ ऑक्टोबर २०१७. संग्रामपूर

पोहोचले एकदाची! अमडापूरहून सकाळची पहिली एसटी, मग खामगाव, मग शेगाव, आणि तिथून वरवट बकाल मार्गे इथे. तीन गाड्या बदलल्या, पण कंटाळा आला नाही. वरवटच्या पुढे खिडकीतून सातपुडा दिसायला लागला. दोन्ही बाजूंना कपाशी. बाबांनी स्टँडवर निरोप देताना एकच सांगितलं, पगार कितीही असो, मान राखून काम कर. आईने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि तिळाची चटणी बांधून दिली होती. ती शेगावच्या स्टँडवर उघडली आणि निम्मी तिथेच संपवली.

'चांदणी स्किन केअर' बाजाराच्या रस्त्यावर आहे. खाली कृषी केंद्र, वर आम्ही. जिना चढताना फवारणीच्या औषधाचा वास नाकात बसतो आणि वरचं दार उघडलं की गुलाबपाण्याचा. एक उंच खुर्ची, तिच्यावर गोल दिवा, भिंतभर आरसा. ढोले मॅडम अकोल्याच्या. वय चाळिशीचं, बोलणं गोड. भिंतीवर त्यांची प्रमाणपत्रं चौकटीत लावलेली आहेत. मी नर्सिंगचं दुसरं वर्ष अर्धं सोडलं हे मी लपवलं नाही, पण त्यांना तेवढंही पुरेसं वाटलं. लगेच पांढरा अ‍ॅप्रन दिला. आरशात पाहिलं. खरं सांगू, मला मी आवडले.

खोली मिळाली ती कलाबाईंकडे. एकट्याच राहतात, लेक सोनाळ्याला दिलेली. कापूस वेचायला जातात. दोन्ही गालांवर उन्हाने वांग आलेलं आहे, गडद तपकिरी. त्यांनी पाणी दिलं आणि लगेच विचारलं, "तू त्या सुयावाल्या मॅडमकडं कामाले आली ना वं? मंग माह्यं थोबाड बी पाहून घेजो एकडाव." दोघी हसलो. मी त्यांना मावशी म्हणायचं ठरवलं आहे.

शनिवार, १४ ऑक्टोबर

आज रोलर हातात घेतला. दिसायला अगदी खेळणं. दांडा, आणि टोकाला सुपारीएवढं फिरतं चाक, त्यावर केसाएवढ्या बारीक शेकडो सुया. आधी चेहऱ्यावर बधिर करायची क्रीम लावून अर्धा तास थांबायचं. मग रोलर फिरवायचा. वर-खाली, मग आडवा, मग तिरपा, मग उलटा तिरपा. रक्ताचे मोहरीएवढे ठिपके येतात. मॅडम म्हणतात, कातडीला जखम झाली की ती स्वतःच नवी होऊन येते, आपण फक्त तिला जागं करायचं.

चार दिवस मी संत्र्यावर सराव केला. आज पहिलं खरं माणूस. वरवटच्या शाळेतल्या बाई, मुरुमांचे जुने खड्डे होते त्यांना. रोलर फिरतो तेव्हा आवाज येतो. भाजलेल्या पापडावरून बोट फिरवावं तसा, हलका. मॅडमनी पाठीवर थाप दिली.

पाकिटावर लिहिलेलं आहे, एका माणसासाठी एकदाच. मॅडम पेशंटच्या समोर पाकीट फोडतात आणि नंतर डब्यात टाकतात. हे मला आवडलं. बाजारात एका बाईने मला डॉक्टरीणबाई म्हणून हाक मारली. मी तिला सुधारलं नाही.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

दिवाळीनंतर सगळं गाव चिंतेत आहे. बोंडअळी. खालच्या कृषी केंद्रापुढे रोज माणसं हिरवी बोंडं घेऊन येतात आणि काउंटरवर फोडून दाखवतात. बाहेरून बोंड साजरं, आत गुलाबी अळी. बीटी लावलं तर अळी येणार नाही असं सांगून विकलं होतं, मग हे काय, असं ओरडतात. दुकानदार बिलं दाखवतो. आवाज वरपर्यंत येतो.

आमच्याकडेही बाया कमी झाल्या. नवे रोलर मागवलेच नाहीत. आज मॅडमनी सांगितलं की स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलं की झालं, सुई काय खराब होते का. नर्सिंगला आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की एकाचं रक्त लागलेली सुई दुसऱ्याला लावायची नाही. मी हो म्हटलं आणि वाटीत स्पिरिट ओतलं.

दुपारी सोनाळ्याहून फातिमाचाची आणि त्यांची मुलगी गुलनाज आल्या. गुलनाज वीस वर्षांची, ब्लाउज शिवते, जरीचं काम करते. सात जानेवारीला निकाह आहे, जळगाव जामोदच्या अल्तमशशी. तिने ओढणी खाली घेतली. हनुवटीवर मसुरीच्या डाळीएवढा पांढरा डाग.

चाची म्हणाल्या, "मुलाकडच्यायनं अजून पाह्यला नाही बेटी. निकाहपर्यंत साफ व्हाले पाह्यजे."

मॅडमनी दिव्याखाली पाहिलं आणि कॅल्शियम कमी झालंय म्हणाल्या. तीन सिटिंगमध्ये जाईल.

ते कॅल्शियम नव्हतं. कोड होतं. मी एका नजरेत ओळखलं. कसं ओळखलं ते लिहायला मला इतका वेळ लागला. हे पान मी दोनदा सुरू करून सोडलं.

माझ्या डाव्या बरगडीखाली तळहाताएवढं कोड आहे. सोळाव्या वर्षापासून. आईशिवाय कुणाला माहीत नाही. बाबांनाही नाही. मी परकराची नाडी जिथे घट्ट बांधायचे तिथे कंबरेभोवती पांढरी रेघ उमटली. एकदा पोटरीला काटेरी तार लागली, जखम भरली आणि त्या जागी तारेच्याच आकाराचा पांढरा ओरखडा राहिला. माझ्या कातडीला जिथे लागतं तिथला रंग जातो. हे मला कुणी शिकवलेलं नाही, मी माझ्या अंगावर पाहिलेलं आहे.

तोंडाशी आलं होतं, की मॅडम, हिला सुया लावू नका. पण त्यांनी विचारलं असतं, तुला काय माहीत? गुलनाजने माझ्याकडे पाहिलं असतं. चाचींनी पाहिलं असतं.

मी क्रीम लावली. अर्ध्या तासाने हनुवटीवर रोलर फिरवला. वर-खाली, आडवा, दोन्ही तिरपे.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

झोप नीट नाही. आज दुपारी मॅडम जेवायला गेल्या तेव्हा शेवटचं नवं पाकीट फोडलं आणि माझ्या डाव्या दंडावर आतल्या बाजूने चार बोटं रुंद पट्टा काढला. मुद्दाम. माझ्याच अंगावर काही झालं नाही, तर तिलाही होणार नाही. मी चुकीची असू शकते. नाडीचं, तारेचं वेगळं असेल. मी चुकीचीच असावी.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

कलामावशी मागेच लागल्या होत्या. आज वावरातून लवकर आल्या, कारण वेचायला काही उरलंच नाही म्हणे. मुकादमाने अर्ध्या बायांना परत पाठवलं. ओट्यावर बसून त्यांनी एक बोंड माझ्यापुढे फोडलं आणि अळी नखाने काढून दूर फेकली. मग म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात नातीचं बारसं हाय. सोयऱ्यायपुढं असं काळं तोंड घेऊन जाऊ का?"

मी त्यांना दुपारीच वर नेलं. मॅडमनी हरकत घेतली नाही. वाटीतला रोलर उचलला. त्या रोलरने आधी किती जणींना केलं होतं ते मी मोजलं नाही. उन्हात जाऊ नका असं मी सांगितलं. एकदाच सांगितलं, तेही पुटपुटत. जिची मजुरीच उन्हातली, तिला ते बजावून सांगायला माझी जीभ वळली नाही. (बुधवार सकाळ. त्या आत्ता विळा-टोपली घेऊन गवत कापायच्या कामाला निघाल्या तेव्हा मी दाराआड उभी होते.)

सोमवार, १३ नोव्हेंबर

दंडावर ठिपके आले आहेत.

आधी वाटलं पावडर लागली. ओल्या फडक्याने पुसलं. साबण लावला. नखाने खरवडलं. मग खिडकीजवळ उजेडात गेले. खसखशीएवढे पांढरे ठिपके, सरळ ओळींत. वर-खाली ओळी, त्यांना छेदणाऱ्या आडव्या, मग तिरप्या. माझ्या हाताची चाल मीच ओळखली. पट्ट्याची कड जिथे संपते तिथे ठिपकेही संपतात.

उद्या गुलनाजची दुसरी सिटिंग आहे.

आता सांगायला हवं. उद्या सकाळी मॅडम आल्या की बाही वर करून दाखवीन. नक्की.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

नाही सांगितलं.

मॅडम आज चिडलेल्या होत्या, जागामालकाशी भांडण झालं होतं. मी बाहीला हात घातला आणि तसाच खाली घेतला. मग त्या दोघी आल्या. गुलनाजच्या हनुवटीवरच्या डागाभोवती मला चार-पाच पांढरे कण दिसले. चाचींनीही विचारलं. मॅडम म्हणाल्या, नवी कातडी सुरुवातीला फिकटच येते, हे चांगलं लक्षण. मग म्हणाल्या, आज पूर्ण चेहरा करू, नवरीला उजाळा येईल. चाची खूश झाल्या.

मला माहीत होतं. ही ओळ मी खोडणार नाही. मला माहीत होतं, माझ्या बाहीखाली पुरावा होता, आणि मी तिच्या कपाळावर रोलर ठेवला.

ती डोळे मिटून बोलत होती. शादीच्या जोड्यावर, लग्नाच्या पोशाखावर, जरीच्या वेली स्वतःच काढते आहे म्हणाली. मग म्हणाली, "दीदी, तुमचा हात लय हलका हाय. बिलकुल दुखून नाही राह्यलं."

कपाळ. दोन्ही गाल. नाक. ओठांच्या वर. तो पापडासारखा आवाज.

ती गेल्यावर मी रोलर परत स्पिरिटच्या वाटीत ठेवला.

रविवार, २६ नोव्हेंबर

कलामावशीच्या चेहऱ्यावर पुवाच्या पुळ्या. आठवडाभर होत्याच, आता वाढल्या. जिथे वांग होतं तिथे आता कातडी जळाल्यासारखी काळी झाली आहे, आणि जिथे नव्हतं तिथेही. ताप आहे. बारशाला गेल्या नाहीत. लेकीला निरोप पाठवला की वावरात काम हाय. काम नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं हे कुणी केलं. मी शेजारीच उभी होते. मावशी म्हणाल्या, "कोनं नाही जी. म्याच लावलं कायतरी पालापाचोळा."

डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. दुसऱ्याची सुई लागली होती का असंही विचारलं. काविळीचं आणि बाकीचं तपासू म्हणाले. काही आजार तीन महिन्यांनीच कळतात, तेव्हा पुन्हा या.

वाटेत मावशींनी माझा हात धरला. म्हणाल्या, "तुह्यं नाव कायले घेऊ वं. तू तं माह्यासाठीच केलं."

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

वाटीतला तो एक रोलर. दिवाळीपासून आजपर्यंत. आज वहीत नावं पाहिली. अकरा बाया. गुलनाज त्यात दोनदा. अकरा घरं, नवरे, एक बाई अंगावर पाजणारी. तीन महिने म्हणजे फेब्रुवारी. त्या अकरा जणींना कुणी सांगायचं की तपासून घ्या?

मॅडमना विचारलं. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, रोलर तर सगळा तूच फिरवलास.

शनिवार, २ डिसेंबर

शटर बंद. मॅडमचा फोन बंद. खालचा दुकानदार म्हणाला, काल टेम्पो आला होता, खुर्ची आणि आरसा घेऊन गेल्या. प्रमाणपत्रंही. वाटी ठेवून गेल्या. माझ्याकडच्या चावीने उघडून पाहिलं. रिकाम्या भिंतीवर आरशाचा चौकोन तेवढा स्वच्छ, आणि खाली जमिनीवर ती वाटी.

मी घरी जाऊ शकते. बॅग भरली. परत काढली.

मंगळवार, ५ डिसेंबर

जिन्यावर बाया बसल्या आहेत. भर दुपारी. पाच-सहा. सगळ्यांनी चेहऱ्याला रुमाल, पदर, ओढण्या बांधलेल्या. फक्त डोळे. मी रस्त्याच्या पलीकडून पाहिलं. एकीने मान वळवली. मी पानटपरीच्या आडून मागे सरले, गल्लीतून, जवळजवळ पळत—

त्या मारायला आल्या नव्हत्या. संध्याकाळी दुकानदाराने सांगितलं, त्या विचारत होत्या, पुढची सिटिंग कधी.

बुधवार, ६ डिसेंबर

आज महापरिनिर्वाण दिन, विहारात जायचं होतं. गावातल्या सगळ्या बाया पांढऱ्या साड्या नेसून गेल्या. मी पेटी उघडली. पांढरी साडी वरच होती.

मला नेसवली नाही. पेटी बंद केली.

दंडावरचे ठिपके आता एकमेकांना मिळाले आहेत. पट्टा झाला आहे.

शुक्रवार, ८ डिसेंबर

फातिमाचाची आल्या होत्या. खोलीपर्यंत. मावशींनी दारातच सांगितलं मी नाही म्हणून. मी कपाटामागे उभी होते. सगळं ऐकू आलं.

मुलाकडच्यांनी निकाह मोडला. पाहुण्या बाया कपड्यांचं माप घ्यायला आल्या होत्या. ओढणी सरकली. एकीने गुलनाजच्या गालावरून बोट फिरवलं आणि ते बोट आपल्या पदराला पुसलं.

चाची रडल्या नाहीत. शांतपणे विचारत होत्या, "तिच्या तोंडावर जाळं आल्यावानी दिसते. उभ्या रेघा, आडव्या रेघा. कलाबाई, हे कोनतं दुखनं हाय? त्या पोरीले मालूम असंन ना?"

त्या पोरीले—

मावशी आत आल्या. सुजलेल्या तोंडाने माझ्यासाठी चहा ठेवला.

रविवार, १० डिसेंबर

डोळे मिटले की तो आवाज. माझ्या गालावर. वर-खाली.

बाबांचा फोन आला. मान राखून आहेस ना, असं विचारलं. हो म्हटलं. हो म्हटलं मी.

ठरवलं. उद्या सोनाळा. तिच्यापुढे बाही वर करायची. मग सरकारी दवाखाना. अकरा नावं लिहून द्यायची. मग जे व्हायचं ते—

सोमवार, ११ डिसेंबर. दुपार

ती स्वतःच आली. एकटी. मावशी रक्ताचे कागद आणायला गेल्या आहेत.

दार मीच उघडलं. तिने आत येऊन ओढणी सोडली.

पाहिलं मी.

कपाळापासून हनुवटीपर्यंत. ओळीच ओळी. एकही वाकडी नाही. किती नीट काम केलं होतं मी.

तिने पिशवीतून पाकीट काढलं. नवा रोलर. शेगावच्या दुकानातून आणला म्हणे. क्रीमही आणली. मला वाटलं ती माझ्या तोंडावर फेकेल. तिने माझ्या हातात दिलं.

"दीदी, आता मधातली जागा बी पांढरी करून टाका. सगळं एकच रंगाचं होऊन जाऊ द्या. मंग कोनी पाह्यनार नाही."

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "काऊन? तुमचा हात हलका हाय." ओरडली नाही. हसली थोडी. मग म्हणाली तुमी नाही केलं तर घरी मी स्वतःच करीन, आरशात पाहून, अम्मी झोपली की. मालूम हाय मले कसं फिरवतात ते.

क्रीम तिनेच लावून घेतली. चेहरा वर करून खाटेवर बसली आहे. डोळे मिटलेले. अर्धा तास.

म्हणून लिहिते आहे. अर्ध्या तासात सांगायचं आहे. शब्द आधी इथे लिहून पाहते, तोंडातून निघत नाहीत म्हणून—

गुलनाज, हे कोड आहे. मलाही आहे.
गुलनाज, सुयांनी वाढतं. मला आधीच—

नाही. असं नाही.

वीस मिनिटं झाली. बाही वर केली आहे. तिचे डोळे मिटलेलेच. विचारते आहे, दीदी, झाली का येळ. मी म्हटलं अजून थोडी.

माझा दंड तिच्या तोंडापुढे आहे. तिने आता डोळे उघडले की—

परत विचारून राह्यली. दीदी. दीदी, लावा ना.

सांगते मी. आता सांगते. गुलनाज, डोळे उघड, पाह्य इकडं, मले पहिल्या दिसापासून मालूम हो—